तन्वी नावाच्या मुली

अकोटजवळच्या त्या गावात मुलीचं नाव ठेवायचं झालं, की बायका अंगणवाडीतल्या शालूला विचारायला येत. शालूलाही ते आवडे. नावाचा अर्थ सांगायचा, गावात त्या नावाच्या किती आहेत ते बोटांवर मोजून दाखवायचं. आराध्या चार, शिवन्या तीन. तन्वी मात्र जुनं झालेलं. वीस वर्षांपूर्वी गल्लोगल्ली असायचं, पुढं कोणी घेईनासं झालं.

दोन वर्षांपूर्वी ते नाव शालूनंच एका मुलीला दिलं होतं, कुणाला न विचारता. दसरा तोंडावर, घरचा झेंडू तोडणीला आलेला. गावातल्या करिश्माच्या दोन महिन्यांच्या पोरीचं वजन करायचं राहिलं होतं. आत्या चांदूर रेल्वेहून दिवाळीला येणार म्हणून बारसंही अडलेलं. रजिस्टरात नाव हवं, वजन हवं. शालूनं फुलांच्या ढिगाशेजारी बसून लिहून टाकलं: तन्वी, चार किलो दोनशे. पोर किरकोळ, आणि तन्वी म्हणजे नाजूक, म्हणून तेच सुचलं.

आठ दिवसांत ती पोर गेली. दवाखान्याच्या कागदावर वजन होतं दोन किलो सहाशे. वेळीच काट्यावर घेतली असती तर वाचली असती, हे शालूला पक्कं ठाऊक होतं. रजिस्टरातलं ते पान तिनं फाडलं आणि चुलीत घातलं.

त्यानंतर गावात जन्मलेली पहिली मुलगी तन्वी झाली. आईनं मोबाइलवर शोधलं म्हणे. दुसरीचं नाव मामानं सुचवलं. तिसरी आणि चौथीही तन्वीच. जुनी नावं परत येतात, अशी शालूनं मनाची समजूत घातली. पण दोन महिन्यांची झाल्यावर वजनकाट्याला टांगलेल्या झोळीत घातली, की प्रत्येकीचा काटा चार किलो दोनशेवर थांबायचा. तिनं काटा बदलून आणला. तरी तेच. खाई त्याला खवखवे.

यंदा करिश्माला दुसरी मुलगी झाली. नाव शिवन्या ठरलेलं, पाळण्यामागे थर्माकोलची अक्षरंही लावलेली. आत्या पाळण्यावर वाकली, कानात कुर्रर्र केलं आणि उठून म्हणाली, "तन्वी."

"काहून जी, प्रणालीताई?" करिश्मा म्हणाली. "आपलं तं शिवन्या ठरलं होतं ना?"

"मले का माईत? तोंडातून तेच निघालं."

बारशाला गेलेली शालू न जेवताच घरी आली.

दीड महिन्यानं करिश्मा पोरीला घेऊन अंगणवाडीत आली. शालूनं पोर झोळीत घातली.

"किती भरली जी, म्याडम?"

"चार किलो दोनशे."

"लिवा मंग." करिश्मानं पोर उचलून खांद्यावर घेतली.

शालूनं पेन उघडलं आणि वर पाहिलं. काटा मागे आला नव्हता. रिकाम्या झोळीचे चार किलो दोनशे.

तिच्यानं राहवलं नाही.

"करिश्मा, तुह्या पयल्या पोरीचं मी वजन केलंच नोतं. घरी बसून लिवलं होतं."

करिश्मा काट्याकडे पाहत होती.

काटा हळूहळू मागे सरकला. दोन किलो सहाशेवर येऊन थांबला.

रिकामी झोळी तळाशी ताणलेलीच होती.