ईस्टरची पहाट, अथेन्स ते थेस्सलोनिकी

ईस्टरच्या रविवारी पहाटे सहा वाजता थेस्सलोनिकीतला म्हातारा कंत्राटदार लाझारोस आपल्याच अंगणात मरून पडलेला सापडला. पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्याला कुणीतरी ढकललं होतं.

इन्स्पेक्टर अर्गिरोनं वर जाऊन पाहिलं. कुलूप शाबूत. दाराच्या चौकटीवर मेणबत्तीच्या काजळीचा ताजा क्रूस.

लाझारोसचा मुलगा कोस्मास हातकड्या घालून पायरीवर बसला होता. रात्रीच त्याचं बापाशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

"हा क्रूस तू काढलास?"

"मी कशाला? मध्यरात्रीच्या प्रार्थनेला मी गेलोच नाही. बाबाही नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत."

ईस्टरच्या मध्यरात्री चर्चमधून घरी आणलेल्या ज्योतीनंच चौकटीवर असा क्रूस काढतात. म्हणजे चर्चची ज्योत घेऊन दुसरंच कुणीतरी दारात आलं होतं.

समोरच्या घरात देस्पिना आजी राहायची. लाझारोसनं बांधलेला सज्जा कोसळून तिचा नातू मिनास गेला होता. कोर्टानं लाझारोसला सोडून दिलं. मिनासची आई एव्दोक्सिया सणासाठी अथेन्सहून आली होती.

"कधी आलीस?"

"पहिल्या विमानानं. सातला उतरले. पन्नास मिनिटांचा तर प्रवास. हा बघा बोर्डिंग पास."

"गाडीनं नाही आलीस?"

"पाचशे किलोमीटर? पाच तास मान मोडायची हौस नाही मला."

आजीनं अर्गिरोच्या हातात ईस्टरचं लाल अंडं ठेवलं. "फोड गं. तो मेला म्हणून सण थोडाच मरतो?"

कोपऱ्यात देवाच्या तसबिरीपुढे दिवा जळत होता.

"छान तेवतोय, आजी."

"तेवणारच! माझ्या मिनासचा बाप्तिस्मा झाला, त्या अथेन्सच्या चर्चची ज्योत आहे. लेकीनं कंदिलातून जपून आणली. वाटेत एकदाही विझू दिली नाही."

अर्गिरोनं अंडं खाली ठेवलं.

"एव्दोक्सिया, जळता कंदील घेऊन विमानात बसू देतात?"

एव्दोक्सियानं पास पुन्हा पर्समध्ये सरकवला.

"विझली असेल. इथल्या एखाद्या चर्चमधून पुन्हा पेटवली असशील. आईसमोर तेवढं सांग, मी निघते."

एव्दोक्सियानं दिव्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आईसमोर खोटं नाही ना सांगवत? मग मीच सांगते. तिकीट काढलंस, घरबसल्या पासही घेतलास, पण विमानात बसली नाहीस. कोस्मास पकडला गेल्यावर पास कोण तपासतो, असं तुला वाटलं. मध्यरात्री अथेन्सच्या चर्चमधून ज्योत घेतलीस आणि गाडी हाणलीस. तू लाझारोसच्या दारात पोचलीस तेव्हा ते विमान तिकडून उडालंही नव्हतं. आज ज्योत घेऊन आलेल्या बाईला कोण बाहेर ठेवतं? त्यानं स्वतःच दार उघडलं."

"क्रूसही त्यानंच काढायला लावला," एव्दोक्सिया शांतपणे म्हणाली. "म्हणाला, माझा हात पुरत नाही, पोरी. कोर्टात वर्षानुवर्षं समोर बसले होते मी, तरी ओळखलं नाही मला. मग मी त्याला गॅलरीत नेलं आणि मिनासचं नाव कानात सांगितलं. तेव्हा ओळखलं."



"आणि कोस्मास? त्यानं काय केलं होतं?" अर्गिरोनं विचारलं.

"काहीच नाही. मिनासनं तरी काय केलं होतं? त्या घरचाही मुलगा जायला हवा होता."

अर्गिरोनं खिडकीतून हाक मारली. समोरच्या पायरीवर शिपायानं हातकड्या काढल्या. कोस्मास मनगटं चोळत उठला.

"तो चालला घरी," अर्गिरो म्हणाली.

एव्दोक्सियानं हात पुढे केले. "जाऊ दे. माझा कुठे आला?"