कुणाचाच नसलेला चेहरा

माझे बाबा मरायचं काम करतात. उझुमासाच्या स्टुडिओत तलवारपट निघाला की नायकाच्या तलवारीखाली पडायला माणसं लागतात, त्यांतले ते एक. पाठमोरे पडतात, पालथे पडतात, पुलावरून नदीत पडतात. चेहरा कधी दिसत नाही. आई म्हणते, "अख्ख्या क्योतोत मी एकटीच बाई, जिचा नवरा रोज मरून वेळेवर जेवायला घरी येतो."

म्हणून या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांना चेहरा दिसणारं काम मिळालं, तेव्हा मी सगळ्या वर्गाला फोन करून सांगितलं. सिनेमा दोनशे वर्षांपूर्वीच्या, एदो काळातल्या एका चित्रकाराचा, लाकडी ठशांवरून छापायची चित्रं काढणाऱ्याचा. त्या काळी नावाजलेला नट वारला की त्याचं मरणचित्र छापून निघायचं. फिकट निळ्या कपड्यांतला नट, हातात जपमाळ. लोक झुंबड उडवून विकत घ्यायचे. सिनेमात असा एक नट मरतो, आणि तो नट म्हणजे बाबा! शिवाय मलाही काम मिळालं, छापखान्यातल्या पोरीचं. ठशावरून ओला कागद उचलायचा आणि म्हणायचं, "धनी, उतरलं बघा." एवढंच. पण गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, आणि आता हे वाक्य मी आंघोळ करतानाही खणखणीत म्हणत होते.

खरा ठसा कोरायला शिगेनोमावशीला बोलावलं होतं. साठीची बाई, तोंडात कायम आल्याची गोळी. सेटच्या मागे खिडकीपाशी तिची बैठक. बाबांचं चित्र एका पातळ कागदावर काढलेलं होतं. ते तिने चेरीच्या फळीवर उलटं चिकटवलं आणि कागदासकट कोरायला घेतलं.

"अगं मावशी, मग मूळ चित्र?"

"गेलं. आता ही फळी म्हणजेच तुझा बाप."

कपाळावरचे केस चित्रात नव्हतेच. ते तिने मनानेच कोरले, एकेक करून. चित्रकार केस काढत बसत नाहीत म्हणे, कोरणाऱ्यावर सोडतात.

शूटिंगच्या पहिल्या सकाळी बाबांवर मीठ टाकलं. पडद्यावर कुणाचं मरणचित्र दिसणार असेल तर अपशकुन टळावा म्हणून त्याच्या अंगावर मीठ टाकतात, सगळ्याच स्टुडिओंत. बाबा म्हणाले, "जरा बेताने रे, लोणचं घालताय की काय माझं!" सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने.

मग मी माझा पहिला कागद उचलला. बाबा सुरेख उतरले होते, डोळे उघडे, ओठांवर किंचित हसू. फक्त हनुवटीवर एक बारीक तिरपी रेघ होती.

"ब्रशचा केस अडकला असेल," मावशी म्हणाली. तिने ठसा पुसला. पुढच्या कागदावरही रेघ होती.

संध्याकाळी घरी बाबांनी दाढी केली आणि ते टॉवेल दाबून बाहेर आले. हनुवटीवर तिरपं कापलं होतं. मी म्हटलं, "बघा, चित्रासारखं दिसायची केवढी घाई!" खरंच मला गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी चित्रात डावी भुवई मधेच तुटलेली आली. मावशीने ठशावरच्या भुवईवरून बोट फिरवलं, मग माझं बोट धरून फिरवलं. लाकडाची रेघ अखंड होती. शाई लागत होती. कागदावर मात्र मधे कोरी फट.

दुपारी तालमीत कुणाच्या तरी बांबूच्या तलवारीचं टोक बाबांना लागलं. डावी भुवई. टाके पडले.

"चेहरा दिसायला लागला आणि लगेच दृष्ट लागली," बाबा म्हणाले. पट्टी बांधलेले बाबा हसताना एका बाजूनेच हसत होते. त्या रात्री मी नीट जेवले नाही.

तिसऱ्या सकाळी मी कागद उचलला आणि माझं वाक्य तोंडातच राहिलं.

चित्रात बाबांचे डोळे मिटलेले होते.

"कट! अगं, बोल की!" दिग्दर्शक कुनिएदासाहेब ओरडले. मग जवळ येऊन वाकले. "अरे वा. मावशी, डोळे बदललेत? हे जास्त शांत वाटतं. राहू द्या."

मावशीने ठसा उजेडात धरला. ठशावर डोळे उघडेच होते.

त्या दिवशी दुपारी बाबांचा शेवटचा प्रसंग होता. नाटकाच्या रंगमंचाखाली एक सरकती फळी असते, दोरांनी वर ओढतात. नट तिच्यावर उभा राहून वर येतो आणि प्रेक्षकांसमोर कोसळतो. मी धावत बाबांकडे गेले.

"बाबा, आज ते काम करू नका."

"का गं?"

मी सांगितलं. रेघ, भुवई, डोळे, सगळं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "चिगुसा, तुझा बाप मरण्यात पदवीधर आहे. आणि आज पहिल्यांदा कॅमेरा तोंडासमोर आहे. आज नाही म्हणू होय?"

त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मला पुढे बोलवेना.

मी मावशीकडे परत आले. ती ठसा मांडीवर घेऊन बसली होती.

"पूर्वी एक करायचे," ती म्हणाली. "एखादा नट मागे पडला, दुसरा गाजायला लागला, तर नवा ठसा कोण कोरणार? जुन्याचं तोंड तेवढं कापून काढायचे आणि त्या खाचेत नव्या लाकडाचा तुकडा ठोकायचे. कपडे तेच, हात तेच. डोकं दुसरं."

"मग कर ना! आत्ता कर!"

"कुणाचं तोंड कोरू?"

"कुणाचंच नको. असलेल्या कुणाचंच नको."

तिने ठसा मांडीवरून खाली ठेवला. मग पटाशी घेतली. बाबांचा चेहरा एका छोट्या चौकोनात निघून आला. तो तिने तिथल्याच सरस वितळवायच्या चुलीत टाकला. नवा तुकडा बसवला आणि समोर चित्र नसताना, खिडकीकडे बघत कोरायला लागली. लाकडात कानाखाली एक गाठ होती, चंद्रकोरीसारखी. "ही निघत नाही," ती म्हणाली. "राहू दे."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनीच एक कागद छापला. एक म्हातारा आला. रुंद नाक, जाड पापण्या, कानाखाली चंद्रकोर. डोळे उघडे. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मावशीनेही नव्हतं.

दुपारी सरकत्या फळीचा दोर तुटला. बाबा तिच्यावर पाय ठेवणार तोच त्यांना शिंक आली, म्हणून ते मागे राहिले आणि फळी रिकामीच वर गेली होती. फळी खालच्या दगडांवर आपटून दुभंगली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

बाबा पांढरेफटक पडले. मग म्हणाले, "चला, दुसरी फळी आणा." त्यांनी तो प्रसंग केला आणि इतके सुंदर मेले की दिवेवाले टाळ्या वाजवायला लागले. मी रडत टाळ्या वाजवल्या.

मग माझा राहिलेला शॉट घेतला. नवा चेहरा बघून कुनिएदासाहेब कुरकुरले. मावशी म्हणाली, "त्या काळी घाईत कुणाचंही तोंड छापायचे, साहेब. लोक कपड्यांवरून ओळखायचे." ते मानले. मी कागद उचलला आणि खणखणीत म्हटलं, "धनी, उतरलं बघा!"

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते.

मावशीने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. "असू दे गं," मी म्हटलं. "कुणाचा तरी चेहरा आहे का तो?"

मला फार हलकं वाटत होतं.

घरी जाताना ऊन अजून होतं. ट्राम जवळजवळ रिकामी होती. बाबा आपण कसे कोसळलो ते मला हातवारे करून दाखवत होते. पुढच्या थांब्यावर एक म्हातारे आजोबा चढले आणि आमच्या समोर बसले. मांडीवर जाळीच्या पिशवीत कलिंगड. घाम पुसायला त्यांनी मान वळवली.

कानाखाली चंद्रकोर होती.

रुंद नाक. जाड पापण्या. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना वाटलं मी कलिंगडाकडे बघतेय.

"नातवंडांना," ते हसून म्हणाले. "गोड निघेल ना गं?"

बाबाच म्हणाले, "निघणार की! देठ कसा वाळलाय बघा."

"पोरी, अराशियामा आलं की मला उठवशील? आज फार झोप येतेय."

"उठवेल की," बाबा म्हणाले. "आम्हीही तिथेच उतरतो. झोपा निवांत."

मला म्हणायचं होतं, झोपू नका. गेल्या वर्षीसारखा माझा आवाज आतच राहिला. आजोबांनी डोळे मिटले.

ट्राम वळणावर कलली. पिशवी त्यांच्या मांडीवरून घसरली आणि कलिंगड गडगडत माझ्या पायापाशी आलं. त्यांचा हात ते धरायला पुढे आला नाही.

अराशियामा आलं, शेवटचा थांबा. दारं उघडली. बाबांनी कलिंगड उचलून काखेत धरलं.

"बसलीस काय, चिगुसा? उठव ना त्यांना."