ओडिलियाची बदनामी

दार लोटून घ्या आणि बसा. उद्यापासून तुम्ही लोकांना हा किल्ला दाखवणार, तेव्हा एगोनचं काय झालं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. एगोन थाइसेन, खालच्या गावातलाच. ते घडलं तेव्हा त्याला इथं वाटाड्या होऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि मी, लोरेन्झ, तिकिटाच्या खिडकीवर.

सन दोन हजार पंधरा, एक नोव्हेंबर, रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस. साडेपाचला पर्यटकांची शेवटची टोळी उतरली. मी खिडकी बंद करत होतो.

"वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची झडपं लावून येतो," एगोन म्हणाला. "तू चूल पेटव तोवर. आज सूप तुझ्याकडे."

"दर वर्षी माझ्याकडेच असतं," मी म्हणालो.

दर वर्षीचंच काम ते. हिवाळाभर वारा आत शिरू नये म्हणून.

आपला किल्ला आठशे वर्षांत पडला नाही, जळला नाही. फ्रेंच फौजा आल्या, त्याही वळसा घालून गेल्या. भिंती शाबूत, चुली शाबूत, पलंगसुद्धा शाबूत. पण शाबूत भिंतींचं लोकांना काय कौतुक? त्यांना काहीतरी चटकदार लागतं. एगोन ते द्यायचा. पाळण्याच्या खोलीत टोळी थांबवून तो ओडिलियाची गोष्ट सांगायचा. ओडिलिया म्हणजे इथल्या सरदाराच्या मुलीची दाई. ती पिऊन झोपली आणि पाच वर्षांची पोर चौकातल्या विहिरीत पडली, अशी ती गोष्ट. मग तो दाईचं घोरणं काढून दाखवायचा. लोकांची हसून मुरकुंडी वळायची. ती आपल्या मोझेल नदीकाठची पांढरी वाइन प्यायली म्हण, जास्त रंगेल, ही सूचना माझी. तेही आज सांगून टाकतो.

खरं काय ते चर्चच्या जुन्या वहीत चार ओळींत लिहिलंय. एगोननं पहिल्याच वर्षी ते वाचलं होतं. पोर पडली तशी ओडिलियानं मागोमाग उडी टाकली. दोघी सापडल्या तेव्हा दाईच्या डोक्यावर पाणी होतं, आणि तिचे हात वर. त्या हातांवर पोर. पाण्याबाहेर, पण गारठून मेलेली.

"हे सांगितलं की लोक गप्प होतात रे," एगोन म्हणायचा. "गप्प झालेली माणसं परत येत नाहीत."

तर त्या संध्याकाळी, हे त्यानंच मला नंतर सांगितलं, तो पाळण्याच्या खोलीत पोचला. दोन झडपं लावली. तिसऱ्याला हात घातला, खोलीत अंधार झाला, आणि कुणीतरी मागून कोट ओढला.

"कोण गं?" त्याला वाटलं, टोळीतली एखादी मुलगी मागं राहिली. "आई कुठंय तुझी?"

"गोष्ट सांग."

"किल्ला बंद झाला, बाळा. चल, खाली सोडतो."

"गोष्ट सांग."

आवाज लहान, पण सूर हुकूम करणाऱ्याचा. एगोनला हसू आलं. पाठमोरा राहूनच, कडी चाचपत, त्यानं ठरलेली गोष्ट सांगितली. वाइन आली. घोरणं आलं.

कुणी हसलं नाही.

"असं नाही झालं."

त्याचा हात कडीवर थांबला.

"मग कसं झालं?" त्यानं विचारलं.

कोट पुन्हा ओढला गेला. कापडातून गारवा आत येऊ लागला... मांडीपर्यंत. साचलेल्या पाण्याचा वास.

"परत सांग."

त्यानं मनात खरं ते जुळवलं. तोंड उघडलं. "ओडिलिया नावाची एक दाई होती... तिनं... मोझेलची..."

"असं नाही."

एकोणीस वर्षांची सवय. जीभ वळेना. त्याला सगळे हसरे चेहरे आठवले. एका शाळकरी पोरानं विहिरीच्या जाळीवर थुंकून "दारुडी!" म्हटलं होतं, तो आठवला. तेव्हा एगोनही हसला होता.

"ती प्यायली नव्हती," तो म्हणाला.

त्यानं झडपाची कडी पकडली.

"झोपली नव्हती..."

कोटावरची मूठ घट्ट झाली.

"तिनं उडी मारली. तिनं... तिनं तुला वर धरलं होतं."

तुला. तो 'तुला' म्हणाला, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

वळून पाहायचं धैर्य झालं नाही. मूठ सुटली. खाली चौकात एका बाईनं कुणाला तरी हाक मारली. नाव कळलं नाही. जिन्यावरून अनवाणी पावलं पळत गेली... खाली... खाली...

मग काही नाही.

सूप निवलं म्हणून मी शिव्या देत वर गेलो, तर हा भिंतीला टेकून खाली बसलेला.

"लोरेन्झ," तो म्हणाला, "मेलेल्या बाईची आपण काय चेष्टा केली रे."

गोष्टीतली वाइन माझीच होती.

पुढच्या हंगामापासून त्यानं चार ओळीच सांगितल्या. लोक गप्प व्हायचे. तो गप्प होऊ द्यायचा. निवृत्त होईतो हेच. मीही खिडकीवरून कधी काही सुचवलं नाही.

त्या दिवशीचा कोट त्याच्या बायकोनं, हिल्डेगुंडनं, तीनदा धुतला, इस्त्री केला. मागच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, लहान मुठीएवढी चुणी आहे. ती जात नाही. बाकी कोट खडखडीत कोरडा. इतके हिवाळे झाले... तेवढी जागा अजून ओली लागते.