भोंगा चढला

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या मामाच्या डोळ्यांदेखत. मामा खोटं बोलायचा, पण फक्त मामीशी.

तेव्हा तो बंदरावर अधिकारी होता. आजारी पडून तिथे अडकलेल्या परक्या खलाशांना त्यांच्या गावी जाणाऱ्या जहाजावर चढवून देणं, हे त्याचं काम. रीत अशी, की मामा धक्क्यावरून विचारायचा, "चढलास का रे?"

वरून "चढलो" आलं, की घरी पोचेपर्यंत तो माणूस कप्तानाच्या जबाबदारीचा.

तोवर मात्र तो कोणाचाच नसे.

हिवाळ्यातली सकाळ होती. धुक्यामुळे शिडीच्या टोकापलीकडे डेकवरचं काही दिसत नव्हतं...

एकेक आजारी वर गेला. शेवटी राहिला खोकल्याने पिंजून निघालेला एक खलाशी. सगळे त्याला भोंगा म्हणत.

"साहेब, मी वाजलो की जहाज सुटतं बघा," तो हसला. "आई थकलीय. पोचेन ना?"

"पोचशील. चढ आता."

भोंगा शिडी चढत गेला. वरच्या टोकाशी खलाशांचा मुकादम उभा होता. हातात लोखंडी आकडा.

"हे मढं आम्हाला नको. सगळ्यांना घेऊन मरेल."

मामा ओरडेपर्यंत आकडा भोंग्याच्या कपाळात रुतला. तो जहाज आणि धक्का यांच्या फटीत कोसळला. लाटेसरशी जहाज भिंतीला टेकलं.

हाडं मोडली... मग काहीच नाही.

पाणी लाल झालं.

मामाची मतीच गुंग झाली. तोंडातून निव्वळ सवयीने निघालं, "चढलास का रे?"

वर, धुक्यात... कोणीतरी खोकलं.

"चढलो."

पाठोपाठ मुकादमाची किंकाळी.

मामा धावत वर गेला. मुकादम मोकळ्या डेकच्या मधोमध पडला होता. आसपास ना भिंत, ना खांब. पण छाती दोन्ही बाजूंनी चेपलेली, फासळ्या कातडी फाडून बाहेर.

कप्तानाने मामाचे पाय धरले. "साहेब, भोंग्याला उतरवून घ्या."

मामा म्हणाला, "तो चढलाय. आता पोचवा."

आजारी सगळे सुखरूप पोचले. त्यांच्यातल्याच एकाने पुढे मामाला सांगितलं. भोंग्याची आई तिथल्या धक्क्यावर आली होती. खरं सांगायला कोणाची जीभ रेटेना. ती रिकाम्या शिडीकडे बघून हसली. हवेतच कोणाचा तरी हात धरला, आणि "हळू चाल रे" म्हणत घराकडे निघाली.

मीही आई आहे. मला बरं वाटायला हवं.

पण अजून मनात येतं... त्या माउलीने घरात नेमकं कोणाला घेतलं?