लाकातोश नावाचा लॉकर

"सापडला! लाकातोशच्या लॉकरमध्ये!"

हरीशच्या आरोळीनं जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्या लॅबचा अख्खा मजला कॉरिडॉरमध्ये गोळा झाला. आजच चाचणी व्हायची होती तो, कुलूपबंद कपाटातून सकाळी गायब झालेला हृदयाचे ठोके टिपणारा नवा सेन्सर लॅबप्रमुख हरीशच्या हातात होता.

हंगेरीची टेक्निशियन इल्डिको लाकातोश भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. हा लॉकर माझा नाही, असं ती जर्मनमध्ये पुन्हापुन्हा सांगत होती. चोर असंच म्हणणार, म्हणून हरीश ऐकेना. त्याला तिला आजच कामावरून काढायचं होतं.

"कुलूप न तोडता कपाट उघडलंय," न्युरेम्बर्गच्या शाखेतून आलेला श्रीधर मराठीत म्हणाला. "त्यांच्या भाषेत लाकातोश म्हणजे कुलपं बनवणारा. मीटिंगमध्ये तिनंच सांगितलं होतं. रक्तातच आहे हो!"

इंजिनियर नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं आडनाव सुतार. मला साधा खिळा ठोकता येत नाही! हिच्या कुणा खापरपणजोबानं कुलपं घडवली, म्हणून ही चोर?"

"अगं, चिडू नकोस," हरीश म्हणाला.

"चिडणारच! कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"एक माझ्याकडे. दुसरी काल श्रीधरला दिली, त्याला काम संपवायचं होतं."

"आणि लॉकर बघायला कुणी सांगितलं?"

"श्रीधरनंच."

"दारावर नाव आहे की तिचं," श्रीधर म्हणाला.

नीलिमा लॉकरांच्या रांगेपाशी गेली. 'लाकातोश' लिहिलेली पट्टी नवीकोरी होती. बाकी सगळ्या पिवळ्या पडलेल्या. तिनं कोपऱ्यातल्या लॉकरवर थाप मारली. त्यावरच्या जुन्या पट्टीवर लिहिलं होतं, 'इल्डिको'.

"हा तिचा लॉकर! हंगेरीत आडनाव आधी सांगतात, नाव मागून. रुजू होताना तिनं तसंच सांगितलं, आणि क्लार्कनं इल्डिको हेच आडनाव समजून पट्टी लावली. आम्ही सगळे तिला इल्डी म्हणतो. हरीश, तू इकडे कधी फिरकतच नाहीस, तुला काय कळणार? पण ज्यानं सेन्सर लपवला, त्याला ती फक्त मीटिंगमधल्या नावाच्या पाटीवरची फ्राऊ लाकातोश, म्हणजे लाकातोशबाई, म्हणून ठाऊक होती. त्या नावाचा लॉकर सापडेना, म्हणून त्यानं रिकाम्या लॉकरवर पट्टी चिकटवली. आजची चाचणी बुडाली असती, तर तुमच्या न्युरेम्बर्ग शाखेनं बनवलेला सेन्सर पुढे गेला असता. गेनाऊ, अगदी बरोबर ना, श्रीधर? किल्लीही तुझ्याकडेच होती!"

श्रीधर गर्दीतून मागच्या मागे सरकू लागला.

हरीश नीलिमाच्या कानाशी आला. "हळू बोल. आपला माणूस आहे तो. जर्मनांसमोर शोभा कशाला? सेन्सर मिळाला ना? तिला सांगू, गैरसमज झाला."

"आपला? लाज वाटते मला!"

नीलिमानं इल्डिकोचा हात घट्ट धरला. मग गोळा झालेल्या लोकांकडे वळून तिनं सगळं पहिल्यापासून, मोठ्यांदा, जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली.