दोराचं वरचं टोक

नदी ओलांडताना बुडालेल्या पलटणीच्या स्मरणार्थ तो जुना पूल बांधलेला. दरवर्षी मानवंदनेआधी त्याला नवा रंग लागायचा. रंगारी तोंडानं फटकळ, पण कामाचा वाघ. कठडा उरकला होता. राहिली होती मधल्या कमानीची बाहेरची, पाण्यावरची बाजू.

"तिकडे एकट्यानं उतरायचं नाही हं," बायकोनं डबा देताना बजावलं होतं. "लेक सासरी गेली. आता घरात आपण दोघंच."

"मला काय वेड लागलंय?" म्हणून तो निघाला.

पूर्वी दोर सांभाळायला धाकटा भाऊ असायचा. थोरल्यानं दोर कमरेला बांधून कठडा ओलांडायचा आणि लोखंडावर रंग खरवडायच्या पट्टीनं एकदा वाजवायचं, म्हणजे 'उतरू का?' धाकट्यानं वरचं टोक खांबाला बांधून दोनदा वाजवायचं, म्हणजे 'धरलाय, उतर.' गाड्यांच्या गोंगाटात हाक ऐकूच यायची नाही ना. मागच्या साली धाकटा पुरात वाहून गेला. सापडलाच नाही.

आज धुकं दाटलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मानवंदना उद्यावर आली, आणि सोबत येतो म्हणणाऱ्यानं टांग दिली. रंगारी बराच वेळ चरफडला. मग 'हातभर तर काम,' म्हणत त्यानं दोर बांधला, कठडा ओलांडला आणि सवयीनं एकदा वाजवलं.

वरून उत्तर आलं. टक... टक.

तो उतरलासुद्धा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते का, देव जाणे.

अर्ध्यात त्यानं चमकून वर पाहिलं. दोर वरून बेतानं सुटत होता, अगदी धाकट्याच्या हातचा.

"धाकट्या... तू आहेस का रे?"

दोर अलगद वर ओढला गेला.

तो कसाबसा वर आला. पुलावर कुणी नव्हतं. कमरेची गाठ सोडताच ते टोक कठड्याबाहेर लोंबलं. वरचं टोक रस्त्यावर मोकळंच पडलं होतं. खांबाला ते बांधायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते काम कायम धाकट्याचं. टोक ओलं होतं, गाळाचा वास मारत होतं. त्यानं ते उचललं आणि त्याला रडूच कोसळलं.

तेवढ्यात खालून, पाण्याच्या बाजूनं, कुणीतरी एकदा वाजवलं.

टक.

'घरी चल,' मन सांगत होतं. पण ज्यानं आपल्याला धरलं, त्याला नाही कसं म्हणायचं? त्यानं दोर मनगटाला गुंडाळला आणि पट्टीनं दोनदा वाजवलं.

दोराला हळूहळू वजन आलं. ते एका माणसाचं नव्हतं.