‘पोचलं’ म्हणायची घाई

चंद्रावरच्या शीतलपुरात पहिलं वांगं पिकलं आणि त्याच दिवशी त्याचा फोटो हरवला. वांगं हरवलं नव्हतं, ते खाल्लं होतं.

वांगं होतं स्वानंदी खांबेटेचं. फोटो संध्याकाळी सहाच्या आत गावच्या मेल सर्व्हरवर (सगळ्यांची पत्रं घेऊन सांभाळणाऱ्या संगणकावर) जमा झाला, तर त्या वाणाला शीतलपुराचं नाव मिळणार होतं. तिथून पत्रांची खेप पृथ्वीकडे निघते. सकाळी तिने फोटो पाठवला. सर्व्हर सांभाळणारा यंत्रमानव दत्तोबा म्हणाला, “पोचलं!” झालं. स्वानंदीने आपल्याकडचा फोटो पुसला आणि घरच्यांनी अभिमानाने भरीत केलं.

दुपारी तिने सहज विचारलं, तर दत्तोबा म्हणाला, “कुठलं वांगं?”

स्वानंदी दत्तोबाला घेऊन थेट उज्ज्वलाआत्याकडे गेली. सर्व्हर आत्यानेच बांधला होता.

“आत्या, हा ‘पोचलं’ म्हणाला होता!”

“दत्तोबा, पत्र ठेवलं कुठे होतंस?”

“मेमरीत.” (मेमरी म्हणजे वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी जागा.) “सौरपाट्या पुसताना वीज क्षणभर गेली.”

“डिस्कवर का नाही लिहिलंस?” (डिस्क म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी जागा.)

“त्याला वेळ लागतो. लोक मला गोगलगाय म्हणायचे. मग मी आधी ‘पोचलं’ म्हणायला लागलो आणि लिहायचं सावकाश. गेल्या आठवड्यात माझा सत्कार झाला. शाल दिली.”

शाल अजून त्याच्या अंगावर होती.

झाडावर दुसरं वांगं होतं, लिंबाएवढं. स्वानंदीने त्याचा फोटो काढला. पण आज शीतलपुराचा वाढदिवस, सगळं गाव पृथ्वीवर शुभेच्छा पाठवत होतं.

“एकेक पत्र डिस्कवर लिहून मग ‘पोचलं’ म्हणालो, तर हिचा नंबर उद्या लागेल,” दत्तोबा म्हणाला.

“आणि न लिहिता म्हणालास, तर पुन्हा भरीत,” आत्या म्हणाली. “पाट्या पुसणं चालूच आहे, वीज परत जाणार. आणि माझी भाची म्हणून मी हिला रांगेत मधे घुसवणार नाही.”

“मी म्हटलंच नव्हतं,” स्वानंदी म्हणाली. तिने तोंड उघडलं होतं, एवढंच. “पण लिहायला एवढा वेळ का लागतो?”

“लिहायला नाही गं, जायला-यायला. प्रत्येक पत्रासाठी हा डिस्कपर्यंत वेगळी फेरी मारतो.”

“म्हणजे जेवण झाल्यावर एकेक चमचा मोरीत नेऊन ठेवतो? अरे, सगळी ताटं एकदम उचल की!”

आत्या खुर्ची ओढून कामाला लागली.

“दत्तोबा, ऐक. डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात आलेली सगळी पत्रं एका फेरीत डिस्कवर लिहायची. लिहून झाली, की मगच सगळ्यांना ‘पोचलं’ म्हणायचं.”

“आणि गोळा करतानाच वीज गेली तर?”

उत्तर स्वानंदीने दिलं. “तर तू कुणाला ‘पोचलं’ म्हटलेलंच नसेल. ज्याचं पत्र त्याच्याकडेच असेल, तो पुन्हा पाठवेल. वांगंही शाबूत असेल.”

“मग शाल परत द्यावी लागेल का?”

“राहू दे,” आत्या म्हणाली. “सर्दी होईल.”

रांग भराभर पुढे सरकू लागली. सहाला थोडा वेळ उरला असताना दत्तोबा म्हणाला, “स्वानंदी खांबेटे, पोचलं!”

आणि वीज गेली.

वीज आली. दत्तोबाने डिस्क वाचली. “वांगं. लिंबाएवढं. सहाच्या आत जमा.”

बाकीच्या काहींना ‘पोचलं’ ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कुरकुरत शुभेच्छा पुन्हा पाठवल्या.

त्या वाणाचं नाव आता ‘शीतलपुरी’ आहे. परवा मंगळावरच्या नव्या वस्तीतून विचारणा आली. आम्हालाही टपाल सुरू करायचंय, तुमच्याकडे हल्ली किती पत्रं हरवतात?

दत्तोबाने उत्तर स्वानंदीला लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, “ज्यांना ‘पोचलं’ म्हटलं, त्यांचं एकही नाही.” आणि पाठवून, ताठ बसून, ती दत्तोबाच्या तोंडाकडे बघत राहिली.